पाण्याचा जिना आणि एक चिवट कर्जदार

नायगाराचा धबधबा पाहून आलेल्या माणसाच्या घरी तो फोटो असतोच. अंगावर पातळ प्लॅस्टिकचा रेनकोट, चष्म्यावर तुषार, चेहऱ्यावर भिजलेले हसू आणि मागे पाण्याचा पांढराशुभ्र पडदा. अशी घरे आता पुण्या-मुंबईतच काय, नाशिक-कोल्हापुरातही गल्लोगल्ली सापडतात. धबधब्यासमोर उभे राहिले की कुणाला काव्य सुचते, कुणाला देव आठवतो, आणि ज्याला यातले काहीच होत नाही तो निदान गप्प तरी होतो.

पण दोनशे वर्षांपूर्वी त्याच परिसरात एक तरुण दुकानदार राहत होता. त्याच्या हिशेबी हा धबधबा म्हणजे धंद्याच्या वाटेत आडवी पडलेली धोंड होती. धोंड हलवणे शक्य नव्हते. मग त्याने तिला वळसा घालायचे ठरवले, तोही पाण्याचा. विल्यम हॅमिल्टन मेरिट हे त्याचे नाव. कॅनडात ते शाळेतल्या मुलांना ठाऊक असते. आपल्याकडे ते फारसे कुणी ऐकलेले नाही, आणि धबधबा पाहायला जाणारे आपले लोकही त्याच्या कामापासून पंधरा-वीस किलोमीटर अंतरावरून परत फिरतात.

आधी थोडा भूगोल. उत्तर अमेरिकेत पाच महासरोवरे आहेत. त्यांतले ईरी हे सरोवर वर आहे आणि ओंटारिओ हे खाली. दोघांच्या पातळीत जवळजवळ शंभर मीटरचा, नेमके सांगायचे तर साडेनव्याण्णव मीटरचा फरक आहे. ईरीचे पाणी नायगारा नदीतून ओंटारिओत येते आणि वाटेत त्या प्रसिद्ध कड्यावरून कोसळते. ओंटारिओचे पाणी पुढे सेंट लॉरेन्स नदीने थेट अटलांटिक महासागराला मिळते. म्हणजे समुद्रातून आत शिरलेला माल ओंटारिओपर्यंत येई, तिथे जहाजातून उतरे, बैलगाड्यांवर चढे, घाट चढून धबधब्याच्या वरच्या अंगाला जाई आणि तिथे पुन्हा दुसऱ्या बोटीत भरला जाई. पिठाचे पिंप असो वा मिठाचे, प्रत्येकाला ही चढउतार चुकत नसे. आणि प्रत्येक चढउतारीला हमाली लागे.

मेरिटचा जन्म ३ जुलै १७९३ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बेडफर्डचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात त्याचे वडील टॉमस मेरिट इंग्रज राजाच्या बाजूने लढले होते. हरलेल्या बाजूच्या माणसांना जिंकलेल्यांच्या राज्यात राहणे जड जाते. १७९६ मध्ये हे कुटुंब कॅनडाच्या हद्दीत, ट्वेल्व्ह माइल क्रीक नावाच्या ओढ्याकाठी येऊन वसले. वडील पुढे नायगारा जिल्ह्याचे शेरिफ झाले. घर खाऊनपिऊन सुखी होते. मुलाला बऱ्यापैकी शिक्षण मिळाले आणि लहान वयातच तो शेती आणि दुकान यांच्या व्यवहारात पडला.

१८१२ मध्ये इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात पुन्हा युद्ध जुंपले. एकोणीस वर्षांचा मेरिट घोडदळात दाखल झाला. नायगारा नदी हीच सरहद्द होती आणि तिच्या काठाने गस्त घालणे हे त्याचे काम. या गस्तीतच कालव्याची कल्पना त्याच्या डोक्यात आली, असे पुढे सांगितले जाऊ लागले. खरे-खोटे काही असो, त्या प्रदेशाचा चढउतार घोड्याच्या पाठीवरून त्याला तोंडपाठ झाला असणार हे नक्की. २५ जुलै १८१४ रोजी लंडीज लेन येथे झालेल्या रक्तरंजित लढाईत तो अमेरिकनांच्या हाती सापडला आणि युद्ध संपेपर्यंत मॅसॅच्युसेट्समध्ये कैदेत राहिला. सुटका झाल्याबरोबर त्याने काय केले असेल? शत्रूच्याच देशात, न्यूयॉर्क राज्यातल्या मेव्हिल गावी जाऊन मार्च १८१५ मध्ये लग्न केले. वधू कॅथरिन प्रेन्डरगास्ट. तिचे वडील डॉक्टर होते आणि त्या राज्याच्या राजकारणातले वजनदार गृहस्थ. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सोयरीक असणे मेरिटला पुढे फार उपयोगी पडले.

नवे जोडपे आजच्या सेंट कॅथरिन्स गावी आले. मेरिटने दुकान घातले, ओढ्यावर गिरणी उभारली, मिठाचा झरा सापडला तेव्हा मिठाचा कारखाना काढला. गिरण्या पाण्यावर चालत आणि उन्हाळ्यात ओढा आटे. गिऱ्हाईक धान्य घेऊन दारात उभे आणि जाते मुकाट. ही अडचण कुणाही गिरणीवाल्याला कळेल. मेरिटने असा विचार केला, की दक्षिणेला काही मैलांवर वेलंड नदी आहे, तिला बारमाही पाणी आहे, ते पाटाने आपल्या ओढ्यात का आणू नये? १८१८ मध्ये पातळी मोजायचे एक यंत्र उसने आणून शेजाऱ्यांबरोबर तो रानात हिंडला. मधल्या उंचवट्याची त्यांनी काढलेली उंची होती सुमारे तीस फूट. प्रत्यक्षात ती जवळजवळ दुप्पट निघाली. एका मोठ्या राष्ट्रीय प्रकल्पाची सुरुवात अशी उसन्या यंत्राने आणि चुकलेल्या आकड्याने झाली.

इथे मला माझ्या पूर्वाश्रमीची ओळख द्यायला हवी. मी कादंबऱ्या लिहितो हे वाचकांना ठाऊक आहे. पण माझे पोट तीस-पस्तीस वर्षे भरले ते बँकेने. त्यांतली निम्मी वर्षे तालुक्याच्या गावांतल्या शाखांत गेली, आणि तिथे टेबलासमोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसांचे माझ्या मनात आपोआप वर्ग पडत गेले. एक, कर्ज घेऊन वेळेवर फेडणारे. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखे काही नसते. दोन, कर्ज घेऊन बुडवणारे. त्यांच्याबद्दल वसुली खाते लिहिते. आणि तिसरे, ज्यांचे नाव निघाले की मॅनेजरला एकाच वेळी कपाळावर हात मारावासा आणि चहा मागवावासा वाटतो. नदीवरून शेतात पाणी नेण्याची योजना घेऊन आलेला एक शेतकरी मला अजून दिसतो. अंदाजपत्रक दर वर्षी वाढायचे. पाइपलाइनीचा खर्च वाढला, मोटर बदलावी लागली, मधेच खडक लागला. माणूस दर वेळी नवा नकाशा घेऊन हजर. डोळ्यांत लबाडी नाही, पण कागदावरचा एकही आकडा शेवटपर्यंत टिकत नाही. मेरिटचे चरित्र वाचताना मला वाटले, या गृहस्थाला मी ओळखतो. हा तिसऱ्या वर्गातला कर्जदार.

१८१९ च्या मंदीत मेरिटचा धंदा पार बसला. देणी थकली. एखाद्याने अशा वेळी डोक्यातून कालवा काढून टाकला असता. याने उलट केले. गिरणीच्या पाटाची कल्पना फुगवून त्याने तिचा दोन सरोवरे जोडणारा जलमार्ग केला. कारणही तसेच होते. सरहद्दीपलीकडे न्यूयॉर्क राज्याचा ईरी कालवा खोदला जात होता. ईरी सरोवरापासून हडसन नदीपर्यंतचा हा ३६३ मैलांचा मार्ग १८२५ मध्ये पूर्ण झाला, आणि वरच्या सरोवरांतला माल न्यूयॉर्ककडे वाहू लागला. कॅनडाने हात बांधून बसायचे ठरवले असते तर त्याच्या अंगणातला व्यापार शेजाऱ्याच्या दारातून गेला असता. गिरणीला पाणी हवे, ही गरज एका माणसाची होती. व्यापार वाचवायला हवा, ही गरज साऱ्या प्रांताची होती. मेरिटने पहिली गरज दुसऱ्या गरजेच्या मागे बेमालूम उभी केली. यात ढोंग होते असे मला वाटत नाही. धडपड्या माणसाला स्वतःचे हित आणि लोकांचे हित यांतली भिंत दिसतच नाही, आणि हाच त्याचा गुण असतो व हीच त्याची खोडही.

१९ जानेवारी १८२४ रोजी वेलंड कॅनाल कंपनी कायद्याने स्थापन झाली. मूळ बेत लहान होता. चार फूट खोल पाणी, त्यातून जाणाऱ्या छोट्या होड्या आणि कड्यावरून उतरायला रुळांची घसरण. वर्षभरातच तो बदलला. शिडाची गलबते जातील एवढा मोठा कालवा करायचे ठरले आणि भागभांडवल चाळीस हजार पौंडांवरून दोन लाखांवर गेले. ३० नोव्हेंबर १८२४ रोजी अ‍ॅलनबर्गजवळ शे-दोनशे माणसे जमली. मेरिटने भाषण केले आणि कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज कीफर यांनी पहिली कुदळ मारली. या कीफरांच्या मुलांपैकी दोघे पुढे कॅनडातले नामांकित इंजिनिअर झाले.

आता पैसा. मेरिट त्यासाठी कुठे कुठे फिरला याची यादी वाचूनच दमायला होते. कॅनडात रोकड कमी. म्हणून तो न्यूयॉर्कला गेला आणि तिथे जॉन येट्स नावाचा धनिक त्याने गाठला. येट्सची कमाई लॉटरीच्या व्यवसायातली. तो या कंपनीचा सर्वांत मोठा खासगी भागधारक झाला. म्हणजे ज्या अमेरिकेच्या स्पर्धेला तोंड देण्यासाठी कालवा खोदायचा, त्याच अमेरिकेतला पैसा त्यात लागला. १८२६ मध्ये प्रांतिक सरकारकडून पंचवीस हजार पौंडांचे कर्ज घेतले. पुढच्या वर्षी त्याच सरकारला पन्नास हजारांचे शेअर घ्यायला लावले. १८२८ मध्ये स्वारी लंडनला पोहोचली. तिथे ब्रिटिश सरकारकडून पन्नास हजार पौंडांचे कर्ज मिळवले, आणि वॉटर्लूच्या लढाईचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन याच्याही गळ्यात काही शेअर घातले. ज्याने नेपोलियनला नमवले त्याला मेरिटने पटवले, हे काही थोडे नव्हे.

तेवढ्यात निसर्गाने हिशेब मागितला. कालव्याच्या वाटेतला तो उंचवटा, १८१८ मध्ये ज्याची उंची चुकली होती तोच, खोल खणून पार करायचा होता. दोन वर्षे माणसे आणि बैल माती उपसत होते. नोव्हेंबर १८२८ मध्ये काम संपत आलेले असताना पावसाने भिजलेल्या दरडी खाली आल्या. पुन्हा खणावे तर पुन्हा ढासळणार. वेलंड नदीचे पाणी घेता येईल एवढे खोल जाणेच अशक्य ठरले. तेव्हा कालव्याचा तळ उंच ठेवून त्याला पाणी कुठून तरी वरून आणणे भाग पडले. दूर पश्चिमेला ग्रँड नदी होती. डनव्हिल येथे तिला बांध घालून पोटकालवा काढला आणि तिथून पाणी आणले. हे सारे एका मोसमात उरकले. या बांधाची गोष्ट इथेच संपत नाही, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

३० नोव्हेंबर १८२९. पहिल्या कुदळीला बरोबर पाच वर्षे झाली होती. थंडीने पाणी गोठू लागले होते. बर्फ फोडत अ‍ॅनी अँड जेन आणि आर. एच. बॉटन ही दोन गलबते ओंटारिओ सरोवरातून कालव्यात शिरली आणि एकेक पायरी चढत निघाली. दोन दिवसांनी ती ईरीच्या तोंडाशी असलेल्या बफेलो बंदराला लागली. धबधब्याला वळसा पडला होता. १८३३ मध्ये कालवा थेट ईरी सरोवरापर्यंत वाढवला गेला तेव्हा त्यात लाकडी लॉक होते चाळीस. शिडे उतरवलेली गलबते काठावरून चालणारे घोडे आणि बैल ओढत नेत.

ओंटारिओच्या बाजूचे कालव्याचे तोंड म्हणजे पोर्ट डलहौसी. हे नाव वाचून मराठी वाचक थबकेल. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा करणारा आणि १८५३ मध्ये ज्याच्या कारकिर्दीत मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली तोच का हा? तो नव्हे, त्याचे वडील. थोरले डलहौसी त्या वेळी कॅनडाकडचे गव्हर्नर जनरल होते आणि नंतर हिंदुस्थानात सरसेनापती म्हणून आले. साम्राज्य मोठे होते, पण त्याचा कारभार पाहणारी घराणी मोजकीच होती.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे कॅनडात गेलो असताना हे प्रकरण मी डोळ्यांनी पाहिले. अर्थात मेरिटचा लाकडी कालवा आता नाही. त्याच्या जागी १८४५ मध्ये दगडी बांधणीचा दुसरा झाला, १८८७ मध्ये तिसरा, आणि आज चालतो आहे तो चौथा. याचे बांधकाम १९१३ ते १९३२ असे चालले, मधल्या महायुद्धात ते थांबले होते. चाळीस लॉकचे आता आठ झाले आहेत. लांबी साधारण साडेत्रेचाळीस किलोमीटर. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्सचा सागरी मार्ग खुला झाला तेव्हापासून अटलांटिकवरून आलेली मोठी मालवाहू जहाजे या कालव्याने खंडाच्या पोटात शिरतात.

सेंट कॅथरिन्सला तिसऱ्या लॉकपाशी संग्रहालय आहे आणि जहाजे पाहण्यासाठी उंच गच्ची आहे. येणाऱ्या जहाजांची वेळ तिथे लावलेली असते. आपल्याकडे एसटी स्टँडवर पाटीकडे पाहत माणसे बसतात तशी तिथे सहकुटुंब माणसे डबे घेऊन बसतात. काहीजण तर जहाजाचे नाव लांबून वाचायला दुर्बिणी आणतात. आम्हीही बसलो. बराच वेळ काही झाले नाही. मग झाडांच्या शेंड्यांमागून एक पांढरे घर हळूहळू सरकताना दिसले. ते घर म्हणजे जहाजाच्या टोकावरची केबिन होती. शेतांमधून, रस्त्यांच्या शेजारून एक तांबडी पोलादी भिंत आमच्याकडे येत होती. समुद्राचा मागमूस नाही आणि जहाज समोर. डोळ्यांना पटायला वेळ लागतो.

या कालव्यातून जाऊ शकणारे सर्वांत मोठे जहाज ७४० फूट लांब आणि ७८ फूट रुंद असते. लॉकची रुंदी ८० फूट. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक फूट मोकळा. अरुंद बोळात ट्रक घालणारे ड्रायव्हर आपण पाहिलेले असतात, पण इथे ट्रक पंचवीस-तीस हजार टन मालाचा असतो. जहाज आत शिरले. पूर्वी दोरखंडांनी बांधत, आता भिंतीवरच्या यंत्रांचे निर्वात पट्टे जहाजाच्या अंगाला चिकटतात आणि त्याला धरून ठेवतात. मागचे दरवाजे मिटले. मग आवाज नाही, गडबड नाही, जहाज वर येऊ लागले. पाचवीतल्या नातीने विचारले, आजोबा, पंप कुठे आहे?

पंप नाहीच. सारी गंमत तिथे आहे. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली पाण्याची लांबलचक खोली. जहाजाला वर न्यायचे तर खालच्या दरवाजाने ते आत घ्यायचे, दरवाजा मिटायचा आणि वरच्या अंगाचे पाणी तळातल्या वाटांनी आत सोडायचे. सुमारे नऊ कोटी लिटर पाणी दहाएक मिनिटांत केवळ स्वतःच्या वजनाने आत येते. जहाज चौदा मीटर, म्हणजे चार मजले वर उचलले जाते. मग वरचा दरवाजा उघडतो आणि ते पुढच्या पायरीकडे निघते. खाली उतरणाऱ्या जहाजासाठी हेच उलट. पाणी खाली पडते म्हणूनच जहाज वर चढते. धबधब्याची आणि या जिन्याची ताकद एकच आहे. तिथे ती गर्जना करत वाया जाते, इथे मुकाट्याने काम करते. नातीला हे समजावताना मला मेरिट पहिल्यांदा नीट समजला. त्याचा कालवा लाकडी होता, गलबते चिमुकली होती, पण युक्ती हीच होती. दोनशे वर्षांत आकडे बदलले, तत्त्व बदललेले नाही.

परत त्याच्या काळात जाऊ. कालवा झाला, पण कंपनी कायम कफल्लक. लाकडी लॉक कुजत, काठ ढासळत, टोलचे उत्पन्न दुरुस्तीतच जाई. मेरिट १८३२ मध्ये विधानसभेत निवडून गेला, आणि सभागृहात सरकारी पैशाची मागणी करणारा आणि कंपनी चालवणारा माणूस एकच झाला. हे कुणाच्या तरी डोळ्यावर येणारच होते. विल्यम लायन मॅकेन्झी हा तडफदार पत्रकार आणि पुढारी सभागृहातर्फे कंपनीचा संचालक नेमला गेला. त्याने वह्या उघडल्या आणि १८३५ च्या डिसेंबरात कंपनीची लक्तरे वेशीवर टांगण्यासाठी चक्क एक स्वतंत्र वृत्तपत्रच काढले. चौकशी समिती बसली. निष्कर्ष असा, की हिशेब गलथान आहेत, पण हेतुपुरस्सर अफरातफर आढळत नाही.

बँकेत इन्स्पेक्शनची माणसे आली की असाच शेरा पुष्कळदा पडतो. तो वाचून शाखेतले लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. मला मात्र मॅकेन्झीबद्दल आदर वाटतो. कामाचा मोठेपणा हे व्हाउचर नसण्याचे कारण होऊ शकत नाही, हे कुणीतरी बोलायला हवेच होते. हाच मॅकेन्झी १८३७ च्या फसलेल्या बंडाचा नेता. बंड मोडल्यावर तो त्याच नायगारा नदीपलीकडे पळाला. दोघांतला कोण बरोबर, हे ठरवण्याचा मोह मी टाळतो. प्रांताला दोघांचीही गरज होती.

अखेर सरकारनेच कालवा विकत घेतला. भागधारकांना शेअरच्या बदल्यात सरकारी रोखे मिळाले आणि १८४१ पासून तो सार्वजनिक मालमत्ता झाला. खासगी कंपनीचा तोटा सरकारच्या डोक्यावर जाणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. पण फरक हा, की इथे मागे मोडका सांगाडा उरला नाही, चालणारा कालवा उरला.

मेरिटच्या पायाला भिंगरी होती. नायगाराच्या दरीवर झुलता पूल बांधणाऱ्या कंपनीचा तो अध्यक्ष होता. १८४८ मध्ये दरीवरून पहिला दोर नेण्यासाठी पतंग उडवण्याची स्पर्धा लावली गेली आणि होमन वॉल्श नावाच्या एका मुलाने पतंग पलीकडे पोहोचवून बक्षीस जिंकले. त्या दोरामागून जाड दोर, त्यामागून तार, आणि शेवटी पूल. पुढे तिथेच रोबलिंगने १८५५ मध्ये रेल्वेचा झुलता पूल पूर्ण केला. ब्रुकलिनचा प्रसिद्ध पूल आखणारा तोच हा रोबलिंग. मेरिट काही काळ मंत्रिमंडळात होता, १८५० मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याचा प्रमुख झाला, पण काटकसरीच्या वादात बाहेर पडला. आयुष्यभर उधारीवर कालवे बांधणाऱ्या माणसाने सरकारने खर्च कमी करावा म्हणून खुर्ची सोडावी, हा विनोद इतिहासाने केला. अमेरिकेशी खुल्या व्यापाराचा तो कट्टर पुरस्कर्ता होता आणि १८५४ मध्ये तसा करार झालाही. कालव्यात न मावणाऱ्या मोठ्या जहाजांचा माल नेण्यासाठी त्याने समांतर रेल्वे काढली. ती १८५९ मध्ये सुरू झाली.

घरी दुःखेही होती. सहा मुलांपैकी दोन तान्हेपणीच गेली. जानेवारी १८६२ मध्ये कॅथरिन वारली. त्यानंतर मेरिट सहा महिनेही जगला नाही. प्रकृतीसाठी प्रवासाला निघालेला असताना ५ जुलै १८६२ रोजी, एकोणसत्तरावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले असताना, कॉर्नवॉल येथे जहाजावरच त्याने प्राण सोडला. जहाज त्या वेळी एका कालव्यात होते. वेलंडच्या नव्हे, सेंट लॉरेन्सच्या काठच्या कॉर्नवॉल कालव्यात.

अशा माणसाचे चरित्र इथे गोड करून थांबवता येते, आणि पुष्कळ जण तसे थांबवतातही. पण माझी जुनी सवय आहे. फाइल मिटण्यापूर्वी जामीनदार कोण होता ते पाहायचे. म्हणजे धोका कुणी पत्करला आणि कुणाच्या माथी तो न विचारता मारला गेला?

येट्सने धोका पत्करला, पण जाणूनबुजून. ड्यूकनेही. सरकारने घेतला तो निदान मतदान करून. पण डनव्हिलचा तो बांध आठवा. ग्रँड नदीचे खोरे सिक्स नेशन्स या मूळनिवासी जमातींना दिलेले होते. बांधाच्या पाण्याने त्यांची सुमारे चोवीसशे एकर जमीन बुडाली. मोबदल्याचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळत राहिला. एवढ्यावर भागले नाही. १८३२ मध्ये ग्रँड नदीतून जलवाहतूक करणारी एक कंपनी स्थापन झाली. तिच्या प्रवर्तकांत मेरिट होता. सिक्स नेशन्सचा जो पैसा सरकारकडे विश्वस्त म्हणून ठेवलेला होता तो त्यांच्या संमतीशिवाय या कंपनीच्या शेअरमध्ये घातला गेला. ते तिचे सर्वांत मोठे भागधारक झाले, तेही स्वतः न ठरवता. १८६१ मध्ये कंपनी बुडाली. पैसाही गेला. दुसऱ्याची ठेव त्याला न विचारता जोखमीच्या धंद्यात घालणे, याला बँकेत एकच शब्द आहे आणि तो सौम्य नाही.

आणि मजूर. मेरिटच्या काळात खणणारे बहुतेक आयर्लंडहून आलेले गरीब लोक. चिखल, हिवताप, अपुरी मजुरी. दुसऱ्या कालव्याच्या वेळी, १८४२ मध्ये, कामासाठी आलेल्या हजारो बेकार आयरिश मजुरांनी सेंट कॅथरिन्समध्ये भाकरीसाठी दंगा केला. चौथ्या कालव्याच्या बांधकामात १३० हून अधिक माणसे मेली. त्यांतले दहा जण १ ऑगस्ट १९२८ या एका दिवशी, लॉकचा अवजड दरवाजा कोसळून. त्यांचे स्मारक तिसऱ्या लॉकजवळ उभे राहायला २०१७ साल उजाडले. मेरिटचा पुतळा सेंट कॅथरिन्समध्ये १९२८ पासून उभा आहे. दोन्हींमधले अंतर एकोणनव्वद वर्षांचे.

मग मेरिटला मोठा म्हणायचे की नाही? मी म्हणतो. आज वर्षाला सुमारे तीन हजार जहाजे त्या जिन्याने वर-खाली करतात. गहू, मीठ, लोखंडाचे खनिज, सिमेंट वाहतात. एकेका जहाजाच्या मालासाठी कित्येकशे ट्रक रस्त्यावर आले असते. त्याचा प्रस्ताव नियमाने तपासला असता तर कुठल्याही बँकेने तो पहिल्याच पानावर नाकारला असता, आणि तो नाकारणाऱ्या अधिकाऱ्याचे काहीही चुकले नसते. तरीही कालवा व्हायला हवा होता. अशी काही कामे असतात, की त्यांचा हिशेब बसायला शंभर वर्षे लागतात आणि तोवर कुणाला तरी चिवटपणे दारोदार हिंडावे लागते.

मात्र खाते नफ्यात आले म्हणजे ते बंद करता येते असे नाही. सिक्स नेशन्सचे वंशज त्या बुडालेल्या जमिनीचा आणि त्या बुडालेल्या पैशाचा हिशेब पुढच्या पिढ्यांतही मागत राहिले. त्यात काही गैर नाही. थकीत नोंद जुनी झाली म्हणून ती आपोआप पुसली जात नाही, हे कुठल्याही शाखेतला नवा कारकूनसुद्धा सांगेल. मेरिटचा मोठेपणा एका पानावर लिहायचा आणि ही नोंद समोरच्या पानावर. दोन्ही पाने एकाच वहीत राहिली पाहिजेत.